पोटदुखीचा हलवा

श्रीमंतांच्या दप्तरात मी कारकून होतो आणि माझं अक्षर चांगलं होतं, हे मी न सांगताही लोक सांगत. पण माझ्या बोटांत आणखी एक विद्या होती, ती मी चारचौघांत कधी कबूल केली नसती. मला संक्रांतीचा काटेरी हलवा करता येत होता. वडील मी अगदी लहान असताना गेले. घरात बहीण नव्हती, म्हणून आईच्या परातीशी मीच बसायचो आणि बघता बघता हात बसला. मुंज झाल्यावर आईने मला तिथून उठवलं. "आता बोरू धर," म्हणाली.

आमच्या नारायण पेठेतल्या आळीत आईच्या हलव्याचा दरारा होता. हळदीकुंकवाला आलेल्या बायका दाणा तोंडात टाकण्याआधी अंगठ्याने दाबून बघत. काटा टोचला तर त्या घरची बाई सुगरण. दाणा गुळगुळीत निघाला तर "छान आहे हो" एवढंच म्हणत, आणि ते ऐकलेली बाई पुढच्या संक्रांतीपर्यंत हौदावर पाणी भरायलासुद्धा मान खाली घालून जात असे.

त्या वर्षी माझी बायको नुकतीच नांदायला आली होती. पहिली संक्रांत, म्हणजे तिच्या अंगावर हलव्याचे दागिने हवेत. नेमकी आई त्याच पौषात हौदावर घसरली. उजवं मनगट दुखावलं. वैद्यांनी पाला बांधला आणि महिनाभर हात हलवू नका म्हणून बजावलं. आईने डाव्या हाताने परात सुनेपुढे सरकवली.

"दागिने तुझे, हात तुझा. बघू काय येतं ते."

बायको कोकणातली. तिचा सगळा जीव भाजण्यात. जून काकडी, जिला ती तवसं म्हणे, ती किसायची, त्यात तांदळाचा रवा, गूळ आणि नारळ घालून पातेल्यात ओतायचं, खाली निखारे, झाकणावर निखारे, आणि स्वस्थ बसायचं. झाकण काढलं की आत तांबूस, खमंग धोंडस. माहेराहून तिने चार तवशी आणली होती, ती माजघराच्या तुळईला टांगलेली असत. आई जाता येता त्यांच्याकडे बघून म्हणे, "डोक्यावर विस्तव ठेवून शिजवतात म्हणे. आमच्याकडे विस्तव खाली असतो."

हलव्याचं सगळं उलटं. तिथे स्वस्थ बसलात की संपलं. राखेने झाकलेल्या निखाऱ्यांवर परात, परातीत तीळ, त्यावर साखरेच्या पाकाचे चार थेंब, आणि बोटांनी सारखं हलवत राहायचं. मग पुन्हा चार थेंब. असं पाच-सहा दिवस केलं तर काटा येतो. बायकोने पहिल्या दिवशी तिळावर सगळा पाक एकदम ओतला, परातीवर झाकण ठेवलं, झाकणावर निखारे ठेवले आणि भाजायची वाट बघत बसली.

आई तेव्हा देवळात पुराणाला गेली होती म्हणून निभावलं. परातीत तिळाची एक अखंड वडी झाली होती. ती फोडायला वरवंटा लागला. तुकडे मी दप्तरात नेऊन वाटले. लोकांनी वाखाणून खाल्ले.

"अहो, आळीभर हसं होईल माझं," बायको म्हणाली. ती रडत नव्हती, हे मला जास्त लागलं. मला ती आवडत होती. आमच्या आळीने एकदा हसायला घेतलं की जन्मभर पुरवून हसते, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून दप्तरात दुपारी माझं पोट दुखू लागलं. दप्तरदार भला माणूस, त्याने घरी जायला परवानगी दिली. आई पुराणाला गेली की मी सोवळं नेसून परातीशी बसायचो. बायको शेजारच्या चुलीवर धोंडस करायची, कारण तिला रिकाम्या हाताने बसवत नसे. आई यायच्या आत मी धोंडस खाऊन अंथरुणावर पडलेला.

पण पोट दुखतंय म्हटल्यावर आई गप्प बसणारी नव्हती. कडू काडेचिराईताचा काढा! तो शेवटचा थेंब जाईपर्यंत ती समोर उभी. वर जेवण बंद, नुसती पेज. दुपारभर साखरेत हात घालायचे आणि संध्याकाळी ते कडूजहर प्यायचं, असे पाच दिवस काढले मी.

"घरात वास कसला येतोय?" आईने तिसऱ्या दिवशी विचारलं.

"हलव्याच्या पाकाचा," बायको म्हणाली.

"आमच्या वेळी साखरेला काकडीचा वास येत नसे," असं म्हणून आईने काढ्यात काडेचिराईत वाढवलं.

काटा आला. काय आला म्हणून सांगू! पण माझ्या बोटांची टोकं पोळून निघाली आणि बोरू धरवेना. दप्तरदाराने कागद उजेडात धरून विचारलं, "पोट दुखतं, तर अक्षर का लंगडतं?"

संक्रांतीला बायको काळ्या चंद्रकळेत, गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याच्या बांगड्या घालून बसली. शेजारच्या काकूंनी दाणा अंगठ्याने दाबला.

"टोचतोय," त्या म्हणाल्या. तक्रार केल्यासारख्या. मग म्हणाल्या, "बोटं दाखव पाहू."

मी दाराआड उभा होतो, तिथेच माझी बोटं उपरण्यात लपवली. हलवा करणाऱ्याची बोटं पोळलेलीच असतात. बायकोने हात पुढे केला. टोकं लालबुंद, दोन फोड. झाकणावरचे निखारे सारून सारून आलेले. काकू वाण घेऊन गेल्या.

बायका पांगल्यावर आईने मला हाक मारली. "हात पुढे कर." डाव्या हाताने ती माझ्या बोटांना तूप लावू लागली.

"केव्हा कळलं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशीच."

"मग काढा कशाला पाजलास?"

"पोट दुखतंय म्हणालास. दुखणाऱ्याला काय लाडू द्यायचे?" मग तिने तुपात पुन्हा बोट बुडवलं. "तुझ्या वडिलांचंही पोट संक्रांतीच्या आधीच दुखायचं. चार वर्षं दुखलं. पाचव्या वर्षी माझ्या हातच्या हलव्याला काटा आला, तेव्हा दुखायचं थांबलं."

तिने डोळे पुसले, ते तुपाच्याच हाताने, आणि आणखी झोंबलं म्हणून माझ्यावरच चिडली.

"त्यांना काढा कोण द्यायचं?"

"माझ्या सासूबाई. हा काढा त्यांचाच आहे." मग तिने सुनेला हाक मारली. "मुली, ते डोक्यावर विस्तव ठेवून करतेस ते आण इकडे. पाच दिवस नुसता वास घेतेय मी. आणि पुढच्या वर्षीही दुपारची मी पुराणालाच जाईन, तेवढ्यात हात बसवून घे."

तिने धोंडसाचे दोन तुकडे खाल्ले, तिसरा मागितला. मला वाटलं, आता मलाही मिळेल. पण भांड्यात कालचा काढा उरला होता आणि आमच्या घरात काही टाकत नाहीत. मी तो कुरकुर न करता प्यालो. वडिलांची मला फारशी आठवण नाही, पण त्यांनी तोंड कसं केलं असेल ते त्या दिवशी नेमकं कळलं.