दलिचंद शेठची गाडी दिसू लागली

कादरभाई उजेडाच्या जवळ उभं राहून उजेड कधी तपासत नाहीत. जळगावात अजिंठा चौफुलीच्या पुढे त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. गाडीला दिवा बसवला की ते पक्कड खिशात घालतात, रस्ता ओलांडतात, समोरच्या रसवंतीच्या बाकावर जाऊन बसतात आणि तिथून डोळे बारीक करून बघत राहतात. गिऱ्हाईक इकडे गाडीजवळ ताटकळत उभं. कोणी ओरडून विचारलं, "कादरभाई, चाललात कुठे?" तर शांतपणे म्हणतात, "शेवटच्या रांगेत."

ही सवय फडातली. उमेदीची सगळी वर्षं कादरभाईंनी छगन मास्तरांच्या लोकनाट्य मंडळात उजेडाचं काम केलं. तेव्हा उजेड कमीजास्त करायला आजच्यासारखी बटणं नव्हती. मातीचे रांजण असत, रांजणात मिठाचं पाणी आणि पाण्यात दोरीला बांधून सोडलेले पत्रे. पत्रा खाली गेला की उजेड चढे, वर आला की मावळे. छगन मास्तर राजाचं काम करत आणि शेवटच्या प्रवेशात मरत. ते मरू लागले की कादरभाई दोरी इतकी हळू ओढत, की पुढच्या रांगेतल्या बाया आधीच डोळ्यांना पदर लावत. मास्तर मोठे रसिक. बाण लागून पडल्या पडल्या, ओठ न हलवता, विंगेकडे कुजबुजत, "कादर, अजून थोडं जगू दे."

एका वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत ऐन खेळात जनरेटर बसला. हजारो माणसं अंधारात, शिट्ट्या सुरू. कादरभाईंनी कनातीबाहेर उभी असलेली एका पाटलांची जीप ढकलत आत आणली, तिचं तोंड रंगमंचाकडे केलं आणि तिच्या दोन दिव्यांवर उरलेला खेळ काढला. मास्तर त्या रात्री जीपच्या उजेडात मेले आणि चांगले मेले. सकाळी जीप मात्र उठेना. पाटलांनी कादरभाईंची गचांडी धरली, बॅटरी चार्ज होऊन गाडी चालू होईपर्यंत सोडली नाही. तो दिवस कादरभाईंचा बॉनेटखाली गेला. त्यांना बरं वाटलं. वायरी त्याच होत्या आणि कुणी नट रुसत नव्हता. पुढे फड मोडला, मास्तर खरोखरच गेले, आणि कादरभाईंनी दुकान टाकलं.

तर अशा कादरभाईंकडे एके दिवशी दलिचंद शेठ आले. शेठचा भांड्यांचा व्यापार. गाडी जुनी एस्टीम, रंग राखाडी, म्हणजे धूळ बसलेल्या डांबरी रस्त्याचा. शेठ सूर्य बुडायच्या आत जेवून घेणारे, त्यामुळे रात्रीचा प्रवास कधी नाही. त्या गाडीला मोठे दिवे होते, पण त्यांनी अंधार फारसा पाहिलेला नव्हता.

"कादरभाई, मी लोकांना दिसत नाही," शेठ स्टुलावर बसत म्हणाले.

"मला तर दिसताय."

"तुम्हाला दिसून काय उपयोग? पिकअपवाल्याला दिसलो पाहिजे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दर गुरुवारी ते स्वतः गाडी चालवत धुळ्याला जातात. तिथे गल्ली नंबर पाचमध्ये त्यांची थोरली बहीण, राजकुंवर जीजी, एकटी राहते. गुडघे गेले आहेत, जिना उतरत नाही. गुरुवारी भावाच्या ताटाशेजारी ताट मांडल्याशिवाय ती घास घेत नाही. पण एरंडोलला एक रिक्षा घासून गेली, पारोळ्याला एका पिकअपने मडगार्ड चेपलं, आणि दोघंही उतरून एकच बोलले, "दिसलीच नाही हो गाडी." मुलगा मनन यावर म्हणाला होता, "पप्पा, आता आणखी एकदा कोणी 'दिसली नाही' म्हटलं, की चावी माझ्याकडे."

"ड्रायव्हर ठेवा ना, शेठ."

"मननही तेच म्हणतो. ड्रायव्हरसोबत गेलो तर दलिचंद शेठ येईल. जीजीला दलू पाहिजे."

शेठनी नव्या गाड्यांवर बघितलं होतं: पुढे पांढऱ्या दिव्यांची पट्टी, इंजिन सुरू झालं की आपोआप लागते, भर उन्हातही. तशी आपल्या गाडीला हवी. फक्त एक गोष्ट मनाला टोचत होती. "आमच्यात जुन्या काळी दिवसा दिवा लावला, म्हणजे पेढीचं दिवाळं निघालं असं समजायचे."

"पेढीला कुठे लावतोय? गाडीला लावतोय," कादरभाई म्हणाले. शेठनी मान डोलावली. व्यापारी माणूस, फरक त्यांना पटला.

कादरभाई दोन दिवस विचारात पडले. जन्मभर त्यांनी उजेड टाकला तो दुसरं काही दिसावं म्हणून. इथे उजेडानेच दिसायचं होतं. डोक्याला पटलं, हाताला पटेना. हाताने जे शिकलं होतं तेच केलं. पट्ट्या बॉनेटच्या कडेला बसवल्या आणि त्यांची तोंडं काचेकडे वळवली. मग नेहमीप्रमाणे रस्ता ओलांडून रसवंतीवर जाऊन बसले. शेठनी इंजिन सुरू केलं.

"कादरभाई," शेठ आतून ओरडले, "मला समोरचं काहीच दिसत नाही!"

"पण तुम्ही फार छान दिसताय!"

घरी हे ऐकून कादरभाईंच्या पत्नी खातूनभाभी म्हणाल्या, "शेठला धुळ्याला जायचंय. तुम्ही त्यांना नाटकातल्या राजासारखं गादीवर बसवताय." दुसऱ्या दिवशी कादरभाईंनी पट्ट्या काढून खाली, बंपरच्या जाळीत, रस्त्याकडे तोंड करून बसवल्या. मधे रिले घातला. इंजिनसोबत लागणार, इंजिनसोबत विझणार, मोठे दिवे लावले तर मंद होणार. रसवंतीवरून पाहिलं. रस्त्याच्या रंगाची गाडी रस्त्यातून वेगळी निघाली होती. रसवंतीवाला म्हणाला, "कादरभाई, त्या गाडीचा लाईट चालू राहिलाय." कादरभाईंना वाटलं, चला, जमलं.

गुरुवारी मनन म्हणाला, "मीही येतो. बघू तरी." काही सैल झालं तर असावेत म्हणून शेठनी कादरभाईंनाही मागे बसवलं. कापसाचे दिवस होते. रस्त्यावर ट्रॉल्या, बैलगाड्या, धुळीचे पडदे.

पाळधी यायच्या आधीच समोरून एक मोटारसायकल आली. चालवणाऱ्याने हात वर केला आणि बोटं उघडली, मिटली, उघडली, मिटली. खान्देशात माणूस एक वेळ पत्ता चुकीचा सांगेल, पण कुणाचा लाईट चालू राहिलेला दिसला तर सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. शेठनी स्टिअरिंगवरचा उजवा हात काढला, खिडकीबाहेर नेला आणि 'असू दे, असू दे' असा हलवला.

मग एसटीच्या ड्रायव्हरने खूण केली. त्यालाही शेठनी उत्तर दिलं. मग मेथीचं गाठोडं मांडीवर घेऊन मोटारसायकलवर मागे बसलेल्या एका बाईने. मग रिक्षातून चाललेल्या तिघा मास्तरांनी, एकदम. एरंडोलच्या पुढे एक गडी तर मोटारसायकल वळवून मागे आला आणि खिडकीला लागून चालू लागला.

"आबा, लाईट चालू शे!"

"असू दे भाऊ, मुद्दाम लावलाय!"

"बॅटरी उतरी जाई ना!"

"नाही उतरत!"

"मनी उतरी गयथी!" असं सांगून आणि शेठकडे दयेने बघून तो परत आपल्या वाटेला लागला.

"पप्पा, दोन्ही हात स्टिअरिंगवर," मनन म्हणाला.

"अरे, माणूस आपणहून सांगतोय. गिऱ्हाईक बोलतंय आणि दुकानदार गप्प, असं कधी पाहिलंस?"

"हे दुकान नाही, हायवे आहे."

पारोळ्यापर्यंत शेठ बहुतेक एका हाताने आले. मननचं तोंड छोटं होत होत पार मिटलं. शेवटी तो म्हणाला, "धुळ्याला पोचलो की चावी मला द्या. आधी निदान दोन हातांनी तरी चालवत होता." कादरभाई मागे बसून आपल्या पायांकडे बघत राहिले. उजेड चुकला की नट पडतो, हे त्यांना माहीत होतं. इथे उजेड बरोबर होता आणि तरी शेठ पडत होते.

पारोळा मागे पडलं. शेठचा हात खिडकीबाहेर होता, एका सायकलवाल्याला समजावत. तेवढ्यात डाव्या शेतवाटेने, धुळीच्या लोटातून, कापसाची उंच ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर थेट हायवेकडे उतरला.

"पप्पा!" मनन किंचाळला.

शेठनी ब्रेक दाबला. ट्रॅक्टरही करकचून थांबला. त्याची पुढची चाकं डांबराच्या कडेवर आली होती. ट्रॉलीतून कापसाचे चार पुंजके उडाले आणि एस्टीमच्या बॉनेटवर येऊन बसले. ट्रॅक्टरवाला उतरला, धोतर झटकलं आणि सावकाश खिडकीशी आला. मननने डोळे मिटून घेतले. ते वाक्य आता येणार होतं.

"शेठ," ट्रॅक्टरवाला म्हणाला, "लाईट चालू शे तुमना."

मननने डोळे उघडले. "तुम्ही थांबलात कशाला?"

"हाईच सांगाले थांबनू."

"म्हणजे आमची गाडी दिसली तुम्हाला?"

ट्रॅक्टरवाल्याने एकदा गाडीकडे, एकदा रस्त्याकडे पाहिलं. "गाडी कोठे दिखस? दिवा दिखना. दिवा शे म्हंजे मांगे गाडी व्हईच ना." आणि शेठकडे वळून, "बंद करा आधी. बॅटरी उतरी जाई." नाव विचारलं तर 'लोटन' एवढंच म्हणाला आणि परत जाऊन ट्रॅक्टरवर बसला. लाईट बंद झाला का, हे बघत बराच वेळ तो तिथेच थांबून होता.

गाडी पुढे निघाली तेव्हा कादरभाई पहिल्यांदा बोलले. "मनन शेठ, पाळधीपासून ज्यांनी ज्यांनी हात केला ना, त्या सगळ्यांना गाडी दिसली होती."

मननने मागे वळून पाहिलं. "दिवे बरोबर आहेत," तो म्हणाला. "हात बरोबर नाही."

धुळ्यात जीजी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून होत्या. गाडी दिसताच उठू लागल्या, उठता येईना, तिथूनच म्हणाल्या, "दलू, आज पलटण घेऊन आलास?" गट्ट्याची भाजी होती, फुलके होते. दोन ताटं शेजारी मांडलेली होती. कादरभाईंचं आणि मननचं समोर. शेठनी पहिला घास घेतला, मगच जीजींनी.

जेवण झाल्यावर जीजी आत सुपारी आणायला गेल्या. शेठनी खिशातून चावी काढली आणि मननपुढे धरली.

"घे. तुझं खरं आहे. कोणी हात केला की माझा हात उठतो. जन्माची सवय, आता जायची नाही. जीजीला मी सांगेन काहीतरी."

मननने चावीकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. आतून डबा उघडल्याचा आवाज येत होता.

कादरभाई मोरीपाशी हात धूत होते. "शेठ," ते म्हणाले, "तुम्ही गाडी चालवा. हात मी करतो."

परतीच्या वाटेवर कादरभाई पुढे बसले. जन्मभर विंगेत काढलेला हा माणूस पहिल्यांदाच लोकांच्या समोर होता, आणि त्याने काम अगदी मन लावून केलं. मोटारसायकलवाल्याला नुसती बोटं. एसटीच्या ड्रायव्हरला पूर्ण सलाम. ट्रकवाल्याला छातीवर हात ठेवून किंचित झुकणं. बायकांना नुसती मान. कोणी फारच कळकळीने ओरडलं, तर खिडकीतून अर्धं बाहेर येऊन, "मेहरबानी, भाऊ! ठाऊक शे!" शेठचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. ते इतके नीट चालवत होते की एरंडोलला त्यांनी इंडिकेटरही दिला.

मनन मागून पारोळ्यापर्यंत सगळं बघत होता. मग त्याची मान डावीकडे कलली आणि तो तोंड उघडं टाकून झोपला तो थेट जळगावात दारापुढे गाडी थांबल्यावरच उठला. ऊन अजून भिंतींवर होतं. शेठनी इंजिन बंद केलं, पुढच्या पट्ट्या विझल्या. चावी तिथेच लटकत होती. मनन खाली उतरला, चावीकडे बघितलं, कपडे नीट केले.

"पुढच्या गुरुवारीही कादरभाईंना पुढेच बसवा," तो म्हणाला आणि घरात गेला.

समोरच्या किराणा दुकानातून एक माणूस हातातला तराजू तसाच टाकून धावत आला. "शेठ, मी सांगणारच होतो, लाईट चालू होता! आता बघा, विझला. गेली ना बॅटरी!"

शेठनी चावी काढून खिशात ठेवली. आता गाडी उभी होती आणि दोन्ही हात मोकळे होते, म्हणून त्यांनी त्याला दोन्ही हातांनी नमस्कार केला.