सारसोळ्याचा कोल्हा

सुट्टीत महाबळेश्वरला जाऊ म्हटलं, तर नवरा म्हणाला, "कशाला? इथेच सायकलवरून वन्यजीव बघू." म्हणून आम्ही भर उन्हात सारसोळ्याच्या खाडीवर. त्याच्या गळ्यात नवी दुर्बीण आणि मला शिंकायचीही बंदी!

अखेर खारफुटीत काहीतरी हललं. "कोल्हा!" तो कुजबुजला. मला तो सरळसरळ कुत्रा दिसत होता, पण बायकोचं ऐकतो कोण? त्याने लगेच फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: 'दुर्मिळ सोनेरी कोल्हा!' धडाधड अंगठे आले. नवऱ्याची मान ताठ.

मग तळमजल्यावरच्या काकूंचा मेसेज आला: 'अय्या, हा तर आमचाच! सकाळपासून शोधतोय. येताना घेऊन या, आंघोळ राहिलीय त्याची.'