भूमेश्वरीनं न घेतलेलं नाव

रहांगडाल्यांच्या भूमेश्वरीनं सरपंचपदाच्या निवडणुकीतून माघार घेतली, ही बातमी मतदान तोंडावर असताना गावभर झाली. बातमी खोटी. माघार घेतली ती मोबाइलमधल्या भूमेश्वरीनं. खरी तेव्हा गोठ्यात शेण काढत होती.

पण व्हिडिओत चेहरा तिचा, आवाज तिचा, पदर खोचायची लकबही तिचीच. "मी, केवलराम रहांगडाले यांची पत्नी, माघार घेत आहे. नंदाबाईंना मत द्या." नंदाबाई म्हणजे विरोधातल्या उमेदवार. पोरं म्हणाली, एआयनं बनवलाय. बाकीचं गाव सांत्वनाला आलं.

"मी उभीच हाय," भूमेश्वरी प्रत्येकाला सांगे.

"हो बाई, हो," म्हणत लोक तिचाच चहा पिऊन जात.

शेवटी ती सासूला, मुन्नीबाईला, घेऊन गोंदियाला तहसीलीत गेली. साहेब म्हणाले, "नकली व्हिडिओ काढायला लावता येतो. पण हा नकली कशावरून?"

मुन्नीबाईनं मोबाइल कानाला लावून पुन्हा ऐकला.

"साहेब, हे बाई नवऱ्याचं नाव घेऊन राहिली. आमची सून नाही घेत. लग्नात उखाना घे म्हटलं तं उपाशी बसली, पन नाव नाही घेतलं."

साहेबांनी खात्री करायला विचारलं, "बाई, पतीचं नाव?"

"फारमवर लिवलं हाय. वाचून घ्या."

हा पुरावा कोणत्या कलमात बसतो ते साहेबांना सापडलं नाही. तरी व्हिडिओ काढायचा आदेश निघाला. गावाला आदेशाची गरजच पडली नाही. मुन्नीबाईनं बसमधून उतरल्या उतरल्या पानठेल्यावर तेवढं एक वाक्य सांगितलं. खुद्द नंदाबाईची जाऊ म्हणाली, "नाव घेतलं? मंग ते भूमेश्वरी नोहोय."

भूमेश्वरी निवडून आली. व्हिडिओ कोणी बनवला ते कळलं नाही. सगळ्यांनी पुसून टाकला. एकच प्रत राहिली, ती सरपंचाच्याच घरी. केवलराम जेवणाआधी ओसरीत बसतो, आवाज बारीक करतो आणि सुरुवातीचे तेवढे शब्द ऐकतो. परवा बायकोनं पकडलं.

"अजून पुसलं नाही? कायले ऐकून राहिले?"

"तुझ्या तोंडून नाव बरं वाटते," केवलराम म्हणाला.

भूमेश्वरीनं भाताच्या गंजावर झाकण ठेवलं. "मंग तिलेच म्हना, जेवाले वाढ."