पाव छाती

माझ्या मामाने एकतीस वर्षं गणवेशांच्या कारखान्यात कापड कापलं. वीतभर कापडही वाया घालवलं नाही असं तो सांगतो, आणि त्याला फुशारक्या मारायची खोड असली तरी हे मात्र खरं आहे. मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला आणि कात्री सुटली.

मालकीणबाई आडपडदा न ठेवता म्हणाल्या, "मास्तर, मापांचं काम आता कॉम्प्युटरवर न्यायचंय. तीन महिन्यांत प्रोग्रॅम लिहून दाखवा, ते टेबल तुमचं. नाही जमलं तर घरी आराम करा."

आराम या शब्दाने मामा खचला. मी जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते, म्हणून रविवारी सकाळी वही घेऊन तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागला. ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा हे त्याला एकदाच सांगावं लागलं.

"शिवण संपली की गाठ मारायची," तो म्हणाला. "नाहीतर उसवते."

व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा, हेही त्याला लगेच पटलं. 'इंट' पूर्ण आकड्यांचा, 'डबल' अपूर्णांकांचा. छाती पूर्ण इंचांत मोजतात, म्हणून त्याने ती इंटमध्ये ठेवली. शर्ट कापायला पाव छाती, म्हणजे छातीचा चौथा भाग लागतो आणि त्यात अर्धा इंच येऊ शकतो, म्हणून ती डबलमध्ये. छत्तीस, चाळीस, चव्वेचाळीस घालून पाहिले. सगळी उत्तरं चोख आली आणि मी त्याची पाठ थोपटली.

दाखवायच्या दिवशी मीही गेले, पण मधे बोलायचं नाही अशी अट होती. मालकीणबाईंनी वॉचमनच्या छातीला टेप लावली. अडतीस. मामाने आकडा घातला. पडद्यावर आलं ९.०.

"छान," बाई म्हणाल्या.

"चूक आहे," मामा म्हणाला. "साडेनऊ पाहिजे. या मापाने शर्ट दोन इंच कमी पडेल. बटण लावल्यावर याला श्वास घेता यायचा नाही."

पूर्णाला पूर्णाने भागलं की जावा अपूर्णांक टाकून देते, हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. चूक माझी होती, आणि नोकरी त्याची जाणार होती.

मामा त्या ओळीकडे बघत राहिला. "डबा तर बरोबर आहे," तो पुटपुटला. मग म्हणाला, "अर्धा इंच कापतानाच गेलाय. नंतर डबलमध्ये ठेवून काय उपयोग?" त्याने भागाकारातल्या ४ चा ४.० करायला घेतला. बोट थरथरलं आणि ४४ पडलं. त्याने ते शांतपणे खोडलं, पुन्हा टाइप केलं.

९.५.

"मला नऊच बरोबर वाटलं होतं," मालकीणबाई म्हणाल्या. मग वॉचमनला म्हणाल्या, "माझ्या खोलीतली हात असलेली खुर्ची इथे आणून ठेव. मास्तरांना रोज बसायचंय."

मामा त्या खुर्चीत बसून पुढचं माप टाइप करू लागला. खुर्चीच्या हातावर कोपर टेकलं की त्याचा हात थरथरत नाही. मला ते त्या दिवशी कळलं.