गोमाबाबांची उघाडी

गोमाबाबा दवाखान्यात आले की आधी खिडकीशी जाऊन खाडीचं पाणी बघत, मग माझ्याकडे वळत. "डॉक्टर, तुमच्याकडं घड्याल हाय, आमच्याकडं पानी हाय. पानी बंद पडत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

धरमतरच्या खाडीवर त्यांच्या गावाच्या बांधाला लाकडी दार होतं. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला फळी उचलून शेतातलं जादा पाणी सोडायचं, भरतीआधी फळी पाडायची. चुकलं तर खारं पाणी आत शिरतं आणि भातशेती दोन-तीन वर्षं कामातून जाते. हे काम त्यांच्या घराकडे आजोबांपासून होतं.

भाद्रपदात, भात पोटरीला येऊन लोंब्या धरायच्या बेतात असताना, त्यांच्या छातीत कळ आली. हृदयाच्या आलेखाची पट्टी बघून घाम मला फुटला, त्यांना नाही. मी तेव्हा नुकताच पास झालेला, तोंडी सगळं पुस्तकातलं. त्यांना समजावलं, हृदयाच्या कणाकणाला बारीक दारं असतात. क्षार ठरल्या वेळी आत येतात, बाहेर जातात, त्यातून वीज उठते आणि ठोका पडतो. रक्त कमी पडलं की दारांची चाल बिघडते, आतला क्षार बाहेर झिरपतो, वीज वाट चुकते.

"म्हंजे माज्या छातीत पन उघाड्याच हायत! मंग त्यांच्यावर मानूस कोन?"

"तुम्हीच. सहा आठवडे पडून राहायचं. उठलात तर जीव जाईल."

ते घरी पडून राहिले. पुतण्या उघाडी सांभाळू लागला. दहाव्या दिवशी मी घाईत डोकावलो. "दुखतं का?"

"न्हाय."

"छान," म्हणालो आणि बॅग उचलली. दुखणं थांबलं तरी ती दारं ताळ्यावर आलेली नसतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. सांगायचं राहिलं.

चार दिवसांनी अमावस्येचं उधाण आलं. भर दुपारी पुतण्या धावत त्यांच्या घरी आला. ओंडका अडकून फळी खाली बसत नव्हती. तो फक्त विचारायला आला होता. बारकूबाई नवऱ्याची वाट अडवून उभ्या राहिल्या. "डॉक्टर छान म्हनाले न्हाय का?" असं म्हणून गोमाबाबा बाहेर पडले.

निरोप मिळून मी बांधावर पोचलो तेव्हा ओंडका निघाला होता आणि फळी बसली होती. गोमाबाबा बांधाला टेकून बसलेले. मी नाडी धरली, आणि गरज संपल्यावरही धरून राहिलो. पलीकडे पाणी चढत होतं. मला काहीच वाटत नव्हतं.

बारकूबाईंनी दोष दिला नाही. एवढंच विचारलं, "दुखलं असंल का हो त्यास्नी?"

"नाही," मी म्हणालो. ते खरंच असावं. ठोका असा मोडला की माणूस क्षणात जातो.

त्या वर्षी गावाला भात चांगलं आलं. बारकूबाईंनी मला नवे तांदूळ पाठवले. मी दोन्ही वेळा पोटभर जेवलो. रडू तेव्हाही आलं नाही, अजूनही येत नाही. मात्र दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं मी त्यानंतर कोणाला म्हणालो नाही, स्वतःलाही नाही.