एकतीस गुंठे समुद्रात

माझ्या थोरल्या साडूंइतका नदीवर रागावलेला माणूस मांजरेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही. कानडी मुलखातल्या भालकीकडच्या त्यांच्या गावात लोक भावकीवर रागावतात, साखर कारखान्यावर रागावतात. अण्णांचा दावा थेट नदीवर आहे. पहाणीच्या उताऱ्यात त्यांचं रान दोन एकर दहा गुंठे. मी राहतो त्या नौबादहून टेप नेऊन स्वतः मोजलं तेव्हा एक एकर एकोणीस गुंठे भरलं. मधले एकतीस गुंठे पुरापुराने ढासळून नदीत गेले होते.

ते गेले कुठे, याचा छडा अण्णांना फोनवर लागला. उपग्रहाने काढलेली चित्रं कशी बघायची हे मुलीने शिकवलं, आणि अण्णा मांजरेवर बोट ठेवून निघाले ते गोदावरीत उतरून थेट पूर्व किनाऱ्याला पोचले. तिथे नदीला फाटे फुटून हिरवा त्रिभुज प्रदेश उघड्या पंजासारखा समुद्रात घुसला आहे, आणि पंजाच्या पुढे निळ्या पाण्यात गढूळ पट्टा लांबवर पसरला आहे. त्या दिवसापासून घरी येणाऱ्याला पाण्याच्या तांब्याआधी तो पट्टा दिसू लागला. उदगीरच्या एका लग्नात नवरदेवाच्या वडिलांच्या हातात अक्षता होत्या, त्यांनाही अण्णांनी समुद्र दाखवला. "आभाळातनं बघा पाव्हणं. खालनं चोर दिसत न्हाई. हे सगळं माझं रान पसरलंय. हितं लोकांनी नारळी लावल्यात. कुणाच्या मातीत लावायलोत, म्हणून इचारलं का कुणी मला?"

ते चित्र रंगीत छापून अण्णा मोजणीच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांशी कानडीत तासभर बोलले आणि आले ते लाल होऊन. "साहेब म्हणला, कागदावर रान पुरं हाय, मग तुमची तक्रार काय? मी म्हणलं, नांगर बी कागदावरच घालू का?" या एका बाबतीत मी पूर्ण अण्णांच्या बाजूचा आहे. रानात एकोणसाठ उरले तरी कागदावर नव्वद गुंठे ठेवणं ही एक चूक, आणि ती दाखवायला आलेल्या म्हाताऱ्याला तासभर उभं ठेवणं ही दुसरी.

पण हिशेब म्हटला की तो अण्णांनाही लागू. मी एकदा म्हणालो, "अण्णा, वाटेत सिंगूर हाय, निजामसागर हाय, मग श्रीरामसागर. गाळ धरणाच्या तळाला बसतो. तुमची माती समुद्राला गेलीच नसंल."

त्यांनी फोनवरचं बोट समुद्रावरून मागे सरकवत धरणापाशी आणलं. "म्हंजी माझं रान तेलंगणात अडकून पडलंय?" आणि फोन खिशात घालून, "तुमी हिशेबाला हुशार हाव, पर माणसाला कामून दुखवता?" त्यानंतर दोन महिने त्यांचा फोन आला नाही.

तो आला वेळ अमावस्येच्या आमंत्रणाचा. त्या दिवशी आमच्याकडे सगळं घर रानात जेवतं, आणि घरधनी आंबिलीचं बिंदगं, म्हणजे लहान घागर, घेऊन "ओलगे, ओलगे" म्हणत रानाच्या चारी बांधांवर आंबील शिंपडतो. अण्णांच्या रानाला चौथा बांधच उरलेला नाही. म्हणून ते दरवर्षी तुटलेल्या दरडीवर उभे राहतात आणि उरलेली आंबील खाली नदीत ओततात. माझ्या थोरल्या मेहुणी अक्का कडब्याच्या कोपीतून म्हणतात, "समिंदरापत्तर जेवाय घालायलाव, हितं पावणे उपाशी बसलेत."

औंदा त्यांचा गुडघा चालेना. कोपीच्या सावलीत बसून त्यांनी बिंदगं माझ्या हातात दिलं. मी तीन बांध फिरलो आणि दरडीवर थांबलो. नव्वदात एकतीस, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जरासं जास्त. तेवढीच आंबील मी राखून आणली होती. ती सगळी नदीत ओतली.

परत आलो तेव्हा अण्णांच्या हातात फोन होता, आणि फोनवर तोच पंजा.

"तिकडचं दिलं?"

"दिलं. हिश्श्यापरमाणं."

"पोचंल का?"

मी अण्णांना आजवर एकही खोटा आकडा सांगितलेला नाही.

"मधी तीन धरणं हाईत, अण्णा," मी म्हणालो. "उशीर लागंल."