तपासायची राहिलेली बाटली

हे मी महेशलाही सांगितलेलं नाही, आणि आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. मग तुम्हाला का सांगतेय? — तुमचं आमच्या घरी येणं-जाणं नाही, म्हणून असेल.

मी ब्रिस्टलला शाळेत केमिस्ट्री शिकवते. दर वर्षी नव्या वर्गासमोर ग्लासभर पाण्यात मीठ विरघळवते आणि विचारते, मीठ गेलं कुठे? मग सांगते — कुठेही गेलेलं नाही. द्रावण म्हणजे सगळीकडे सारखं मिसळलेलं मिश्रण. वरचा थेंब घ्या नाहीतर तळाचा, मीठ तेवढंच. दिसत नाही म्हणून ते नाहीच, असं समजायचं नाही. हे शेवटचं वाक्य मी शाळेतच ठेवून यायला हवं होतं.

सहा वर्षांपूर्वी सासरे गेले आणि आई — म्हणजे माझ्या सासूबाई — नाशिकहून कायमच्या आमच्याकडे आल्या. त्यांना डायबेटीस. रोज सकाळी बोटाला टोचून शुगर मी बघायचे. दोन महिने सगळं ठीक होतं, आणि मग अचानक आकडे चढायला लागले. जेवण तेच, गोळ्या त्याच. मी कारण शोधायला हवं होतं. मी माणूस शोधला.

स्वभावच तसा आहे माझा. वर्गात कोण कॉपी करतंय ते मला पाठमोरी असतानाही कळतं, आणि त्याचा मला अभिमान आहे. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशा आई आम्ही कामावर गेल्यावर साखर खात असणार, असं मी ठरवूनच टाकलं. साखरेच्या डब्यात आतून मार्करने खूण केली. साखर खुणेवरच राहिली. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, बाई निर्दोष आहे. मला वाटलं, बाई हुशार आहे! त्या फिरायला गेल्या की मी त्यांची बॅग उघडायचे, उशीखाली हात घालायचे. सापडलं काय? सासऱ्यांचं बंद पडलेलं घड्याळ. तरी माझं समाधान होईना.

राहिलं ते ऑरेंज स्क्वॉश — इथे घरोघरी असतं, पाणी घालून प्यायचं दाट सरबत. आईंसाठी बिनसाखरेची मोठी बाटली वेगळी ठेवलेली होती. दिवसाला तीन-चार ग्लास व्हायचे. एका शनिवारी त्यांनी अर्धा प्यायलेला ग्लास मी उचलला, छोट्या पातेल्यात ओतला आणि आटवला. पाणी उडून गेलं. तळाशी तपकिरी, चिकट पाक उरला. काय आनंद झाला म्हणून सांगू मला. ते पातेलं मी तसंच नेऊन महेशपुढे ठेवलं — आईंच्या देखत.

"मी नाही गं घातली साखर," त्या म्हणाल्या.

"आई, खरं सांग ना. इट्स ओके, कोणी रागावणार नाही," महेश म्हणाला.

त्यांनी वाकून पातेल्यात पाहिलं. मग म्हणाल्या, "घातली असेन मग. मला आठवत नाहीये."

मंगळवारी रिसायकलिंग बाहेर ठेवताना डब्याच्या तळाशी मला स्क्वॉशची दुसरी रिकामी बाटली दिसली. साधी, साखरेची. लेकीच्या वाढदिवसाला आणलेली. उरलेलं फेकवेना — आपली ही सवय इथे येऊनही जात नाही — म्हणून मीच ते फ्रिजमधल्या अर्ध्या बाटलीत ओतलं होतं. आईंच्या बाटलीत. रंग तोच, वास तोच. त्यानंतर त्यांनी ओतलेल्या प्रत्येक ग्लासात साखर होती.

मी ग्लास तपासला, बाटली नाही. मुलांना घसा फोडून सांगते मी, मूळ द्रावणही तपासा म्हणून — आणि तेच विसरले? की बाटलीत काही सापडायला मला नकोच होतं? इतक्या वर्षांत हे मला ठरवता आलेलं नाही. आता संशय घ्यायला मी स्वतःच उरले आहे.

उरलेलं स्क्वॉश मी सिंकमध्ये ओतलं. बाटली दोनदा विसळली. आकडे उतरले. लक्ष ठेवल्याचा परिणाम, असं महेश म्हणाला, आणि मी हो म्हटलं. पुढे तो आईंना मेमरी टेस्टला घेऊन गेला — गाडी मी चालवत होते. टेस्टमध्ये काही निघालं नाही. पण आईंचा स्वतःवरचा विश्वास उडाला तो उडालाच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. कित्येक दिवस मला वाटायचं, यांना कळलंय. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं.

त्या आता ब्याऐंशीच्या आहेत. मी शाळेतून आले की बाटली आणि ग्लास घेऊन माझ्यापुढे येतात. "बघ हं, तुझ्यासमोर ओततेय," म्हणतात, आणि ग्लास आधी माझ्या हातात देतात — चाखायला. आजही दिला. मी एक घोट घेतला, ठीक आहे म्हणून मान हलवली. मग त्या प्यायल्या.